पाळकांच्या उतारवयाचा खर्च: नागपूरच्या मंडळ्यांची पार्श्वभूमी

निवृत्त पाळकांसाठी वर्गणी काढायची वेळ आली की नागपूरच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, एक प्रश्न निघतोच. ज्यांनी आयुष्यभर बाप्तिस्मे दिले, लग्नं लावली, मयतीला उभे राहिले, त्यांच्यासाठी ऐनवेळी हात का पसरावा लागतो? उत्तर जुन्या हिशेबांत आहे.

इथल्या चर्चमध्ये पैसा दोन वाटांनी आला. एक वाट सरकारी. कामठीच्या छावणीसाठी आणि नागपुरातल्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी नेमलेल्या चॅप्लेनचा, म्हणजे सरकारी पाळकाचा, पगार, रजा, पेन्शन सगळं हिंदुस्थानच्या महसुलातून निघे. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथीड्रल याच अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतलं. १९२७च्या कायद्यानुसार १९३० साली इथलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी तिजोरीचा आधारही गेला.

दुसरी वाट स्कॉटलंडची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १८४३ मध्ये तिथे साडेचारशेहून अधिक पाळकांनी सरकारमान्य चर्च सोडून फ्री चर्च काढलं. पगार गेला, राहती घरं गेली. त्यांचे पुढारी थॉमस चाल्मर्स यांनी तोड काढली ती अशी: प्रत्येक मंडळीने जमेल तेवढे पेनी गोळा करायचे, ते एकाच निधीत टाकायचे आणि त्यातून सगळ्या पाळकांना सारखा वाटा द्यायचा. त्यामुळे डोंगरातल्या गरीब मंडळीचा पाळकही उपाशी राहिला नाही. याच फ्री चर्चने पाठवलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले.

स्कॉटिश पाळकांना हिशेबाची सवय त्याहून जुनी. त्यांच्या विधवांसाठीचा निधी १७४४ सालचा. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन पाळकांनी दरवर्षी किती पाळक दगावतील, मागे किती विधवा आणि मुलं राहतील, याचं गणित मांडलं. १७६५ मध्ये निधीत ५८,३४८ पौंड असतील असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात भरले ५८,३४७. चुकला तो एक पौंड. दया येईल तेव्हा देऊ, असा तो कारभार नव्हता. पाळक तरुण आणि कमावता असतानाच त्याच्या नावे दरवर्षी पैसे पडत होते.

नागपूरला या परंपरेतून शाळा मिळाली, १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज मिळालं. पण मिशनच्या तिजोरीची किल्ली परदेशात राहिली आणि देशी पाळकाचं म्हातारपण आपल्या अंगावर आहे ही जाणीव मंडळीत उशिरा रुजली. नागपूर-राजनांदगाव रेल्वेप्रवासात ज्यांच्या हाती नवा करार पडला, त्या कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि या परावलंबनातून ते बाहेर पडले. त्यांच्याइतकी धमक प्रत्येक पाळकाकडून मागणं मात्र अन्यायाचं आहे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्सच्या आवारात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात हिस्लॉपची परंपरा आणि चॅप्लेनची परंपरा एका छताखाली आल्या. पुढे परदेशी मदतीच्या वाटाही अरुंद झाल्या. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने अशा देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाही बंदी घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये कोरोनामुळे चर्चची दारं बंद झाली, ती राज्यात १६ नोव्हेंबरला उघडली. २०२१ मध्ये पुन्हा एप्रिल ते ऑक्टोबर बंद. जिथे रविवारच्या दानार्पणाच्या थैलीवरच महिना चालतो, तिथे याचा अर्थ काय होतो ते कुठल्याही खजिनदाराला विचारा.

कॅथलिकांची घडी वेगळी आहे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७चा, १९५३ पासून महाधर्मप्रांत. पॅरिशच्या फादरनी पंचाहत्तरीला राजीनामा सादर करावा आणि धर्मगुरूंच्या निर्वाहाची, आजारपणाची तरतूद असावी, हे त्यांच्या १९८३च्या धर्मसंहितेतच लिहिलेलं आहे. जे फादर एखाद्या संन्यासी धर्मसंघाचे असतात, त्यांना शेवटपर्यंत तो धर्मसंघ सांभाळतो.

आमच्या प्रोटेस्टंट पाळकांना बायकामुलं असतात आणि राहणं चर्चच्या बंगल्यात. निवृत्तीबरोबर बंगला सोडायचा. ज्या वयात इतरांचे घराचे हप्ते फिटलेले असतात, त्या वयात पाळक आणि पाळकीणबाई भाड्याची खोली शोधतात.

हंगामाच्या सणाला आवारात लिलाव होतो. एक कोहळं कुणीतरी चढ्या भावाने घेतं, लगेच परत टेबलावर ठेवतं, पुन्हा बोली लागते. मंडळीचा हात आखडता नाही हे तिथे दिसतं. पण ती रक्कम बहुधा छताच्या गळतीत, रंगरंगोटीत, वीजबिलात जाते. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, हे शास्त्रवचन पौलाने सेवकांच्या मोबदल्यासाठीच वापरलं आहे. निवृत्त पाळकांचा निधी म्हणजे त्यांची राहिलेली मजुरी. ती वेगळ्या खात्यात, दरमहा, पाळक सेवेत असतानाच पडायला हवी.