स्वादुपिंडाचा विकास आणि प्रतिलेखन घटक

डीएनएवरील ठरावीक अनुक्रम ओळखून त्यांना चिकटणाऱ्या आणि जवळच्या अथवा दूरच्या जनुकाचे प्रतिलेखन (त्यावरून आरएनए प्रत बनणे) वाढविणाऱ्या किंवा रोखणाऱ्या प्रथिनांना प्रतिलेखन घटक म्हणतात. स्वादुपिंडातील पाचकरसाच्या, नलिकांच्या आणि संप्रेरकांच्या पेशी भ्रूणाच्या एकाच अंतःस्तरापासून (सर्वांत आतल्या थरापासून) वेगवेगळ्या होतात, त्या या घटकांमुळे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत पाठ करून घेतला जाणारा लॅक ओपेरॉन, म्हणजे दुग्धशर्करा पचविणाऱ्या जनुकांचा एकत्र चालू-बंद होणारा संच, हे अशा नियमनाचे परिचित उदाहरण, पण ते जीवाणूंचे आहे. येथे त्याचा उपयोग तोंडओळखीपुरताच.

मराठवाड्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ४८ व ७२ तासांच्या काचपट्ट्या पाहतात. ७२ तासांच्या सुमारास आतड्याच्या पृष्ठीय (पाठीकडील) भिंतीतून स्वादुपिंडाची कळी फुटू लागते, मात्र आडवा छेद घेतल्याखेरीज ती सहसा ओळखू येत नाही. या कळीच्या जागी पृष्ठरज्जूकडून (नोटोकॉर्ड, भ्रूणाच्या पाठीतील आधारदंड) येणारे संदेश सॉनिक हेजहॉग हे विकासाला दिशा देणारे जनुक दाबून ठेवतात आणि त्यामुळे पीडीएक्स-१ या घटकाला वाव मिळतो, हे कोंबडीच्याच भ्रूणांवरील प्रयोगांतून उलगडले.

पीडीएक्स-१ नसलेल्या उंदरांत स्वादुपिंड तयार होत नाही, असे १९९४ मध्ये दिसून आले. कळी फुटते, पण पुढे वाढत नाही. माणसात या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर मूल स्वादुपिंडाविना जन्मते, आणि एकच निकामी असेल तर पुढे मधुमेह होऊ शकतो. म्हणजे घटक आहे की नाही एवढ्यावर भागत नाही, त्याचे प्रमाणही निर्णायक ठरते. प्रौढपणी हाच घटक इन्शुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींत इन्शुलिन जनुकाचे नियमन करतो. म्हणून त्याला केवळ ‘स्वादुपिंड घडविणारे जनुक’ म्हणणे अपुरे आहे.

संप्रेरक पेशींची दिशा न्यूरोजेनिन-३ हे प्रतिलेखन घटक-प्रथिन ठरवते. ज्या पेशीत ते वाढते ती शेजारच्या पेशींतील नॉच ग्राही (संदेश स्वीकारणारे पृष्ठभागावरील प्रथिन) चेतवते. तेथे हेस-१ हा रोखणारा घटक तयार होऊन न्यूरोजेनिन-३ दाबले जाते, त्यामुळे सगळ्याच पेशी एकदम संप्रेरकांकडे वळत नाहीत. पुढे पॅक्स-४ आणि एआरएक्स हे दोन घटक परस्परांना रोखतात: पहिल्याचे पारडे जड झाल्यास बीटा, तर दुसऱ्याचे झाल्यास ग्लुकागॉन स्रवणारी अल्फा पेशी घडते.

पाचकरसाच्या पेशींसाठी पीटीएफ-१ए हा घटक आवश्यक असतो, आणि स्वादुपिंडाच्या आरंभीच्या वाढीसाठीही. २०१४ मध्ये स्वादुपिंडाविना जन्मलेल्या काही मुलांत दोष या घटकाच्या जनुकात नव्हे, तर त्याच्यापासून डीएनएवर सुमारे २५,००० आधार-जोड्या दूर असलेल्या संवर्धक अनुक्रमात (जनुकाचे प्रतिलेखन वाढविणाऱ्या डीएनए-तुकड्यात) आढळला. हा अनुक्रम भ्रूणातील स्वादुपिंडाच्या पूर्वज पेशींतच कार्यरत असतो. म्हणूनच मूळ जनुक बिघडल्यास होणारा अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) दोष या मुलांत नव्हता.