मॅकग्वायर, अल

(७ सप्टेंबर १९२८ – २६ जानेवारी २००१). अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे नामवंत प्रशिक्षक व पुढे दूरचित्रवाणीवरील समालोचक. पूर्ण नाव आल्फ्रेड जेम्स मॅकग्वायर. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरातल्या मार्क्वेट विद्यापीठाला त्यांनी १९७७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि त्याच सामन्यानंतर, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, प्रशिक्षकपद कायमचे सोडले. पुढची दोन दशकांहून अधिक वर्षे ते एनबीसी आणि सीबीएस या वाहिन्यांवरून बोलत राहिले. आज अनेक अमेरिकन प्रेक्षकांना त्यांचा संघ आठवत नाही, पण त्यांची बोली आठवते.

क्रिकेटच्या समालोचन कक्षात निवृत्त खेळाडू बसलेले पाहण्याची आपल्याला सवय आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये ती जागा बहुधा निवृत्त प्रशिक्षकाकडे जाते. खेळाडू जास्तीत जास्त चार हंगाम खेळतो आणि पदवी घेऊन किंवा व्यावसायिक संघाकडे निघून जातो. प्रशिक्षक मात्र त्याच बाकावर दहा-वीस वर्षे बसलेला असतो. गावोगावच्या शाळांतून खेळाडू हेरून आणणारा, त्यांच्या आईवडिलांना राजी करणारा, पंचांशी हुज्जत घालणारा आणि हरल्यावर पत्रकारांना सामोरा जाणारा माणूस तोच. त्यामुळे या खेळाचा ओळखीचा चेहराही तोच असतो. वाहिन्यांनी हे हेरले आणि प्रशिक्षकांना माईकपुढे बसवण्याची प्रथाच पडली. या प्रथेतला सर्वांत अस्सल माणूस म्हणजे मॅकग्वायर.

त्यांचा जन्म न्यूयॉर्कचा. बालपण समुद्रकाठच्या रॉकअवे बीच या वस्तीत गेले. तिथे त्यांच्या आईवडिलांचा दारूचा गुत्ता होता. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचा नूर ओळखायचा, दोन वाक्यांत त्याला हसवायचे आणि वेळ आली तर बाहेर काढायचे, हे शिक्षण त्यांना तिथेच मिळाले. प्रत्येकाने महाविद्यालयात जाऊन पदवी घ्यावी आणि मग सहा महिने गुत्त्यावर व सहा महिने टॅक्सी चालवण्यात काढावेत, तेव्हा कुठे तो खरा शिकलेला, असे ते म्हणत, आणि ते मनापासून म्हणत.

सेंट जॉन्स विद्यापीठाकडून खेळल्यावर १९५१ मध्ये ते न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाकडे गेले. थोरले भाऊ डिक आधीपासूनच तिथे होते. डिक हे उत्तम पासिंगसाठी नावाजलेले, तर अल हे अंगाला अंग भिडवून खेळणारे, फाऊल करण्यात हयगय न करणारे राखीव खेळाडू. बोस्टनचा बॉब कूझी हा तेव्हाचा मोठा तारा. ‘कूझीला मी रोखू शकतो’ असे अलनी जाहीर केले, आणि ते खरे की खोटे हे पाहायला लोक तिकिटे काढू लागले. प्रेक्षकाला काय हवे असते याची त्यांची जाण इथे पहिल्यांदा दिसते.

डार्टमथ येथील साहाय्यक पदानंतर १९५७ ते १९६४ या काळात ते नॉर्थ कॅरोलिनातील बेलमाँट अॅबी या लहानशा कॅथलिक महाविद्यालयाचे प्रशिक्षक होते. १९६४ मध्ये ते मार्क्वेटला आले तेव्हा तो संघ आदल्या हंगामात २६ पैकी २१ सामने हरलेला होता. तेरा वर्षांत त्यांनी तिथे २९५ सामने जिंकले आणि ८० गमावले.

हे साधले ते खेळाडू निवडण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे. ज्या घरापुढे हिरवळ आहे त्या घरातला मुलगा मी घेत नाही, माझे जग फुटक्या पदपथांचे आहे, असे ते सांगत. न्यूयॉर्क, शिकागो यांसारख्या शहरांच्या गरीब वस्त्यांतून त्यांनी मुले आणली. त्यांत कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने होती. १९७२ च्या फेब्रुवारीत संघ अपराजित असताना जिम चोन्स या उंचापुऱ्या सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूला) व्यावसायिक संघाकडून मोठ्या रकमेचा करार आला. हंगाम अर्धवट टाकून त्याने जावे, असा सल्ला खुद्द मॅकग्वायर यांनी दिला. माझा फ्रिज भरलेला आहे, त्याच्या घरचा रिकामा आहे, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्या वर्षीच्या विजेतेपदाची आशा त्या सल्ल्याबरोबर गेली. प्रशिक्षक म्हणून त्यांची थोरवी मोजायची तर अनेक विजयांपेक्षा हा निर्णय जास्त वजनाचा आहे.

व्यवस्थेपुढे मान तुकवणे त्यांना जमत नसे. १९७० मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने मार्क्वेटला राष्ट्रीय स्पर्धेत घराजवळच्या गटाऐवजी दूरच्या गटात टाकले. त्यांनी निमंत्रण चक्क परत केले, न्यूयॉर्कला एनआयटी ही दुसरी स्पर्धा खेळायला गेले आणि अंतिम सामन्यात आपल्याच जुन्या सेंट जॉन्सला हरवून ती जिंकली. १९७४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र त्यांचा संताप संघाला भोवला. गैरवर्तनासाठी दिले जाणारे दोन टेक्निकल फाऊल त्यांच्यावर लागले आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेटने सामना ७६-६४ असा जिंकला.

१९७६ च्या डिसेंबरात त्यांनी हा आपला शेवटचा हंगाम असल्याचे जाहीर केले. हंगाम अडखळतच चालला होता. संघ एकूण सात सामने हरला. त्यांतला एक पराभव घरच्या मैदानावर डेट्रॉईट विद्यापीठाकडून झाला, आणि डेट्रॉईटचे प्रशिक्षक होते पुढे ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर गाजलेले डिक व्हायटल. तरीही मार्क्वेट राष्ट्रीय स्पर्धेच्या अटलांटातल्या अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचले.

उपांत्य सामन्यात शार्लटच्या संघाशी ४९-४९ अशी बरोबरी होती आणि तीन सेकंद उरले होते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लांबलचक पास टाकण्यावाचून मार्ग नव्हता. टाइम-आउट चालू असताना मॅकग्वायर मैदानाच्या मध्यभागी चालत गेले आणि वर पाहू लागले. छताला टांगलेला गुणफलक किती उंचावर आहे, चेंडू त्याला लागेल का, याचा ते अंदाज घेत होते. बुच लीने पास टाकला, बो एलिसजवळून निसटलेला चेंडू जेरोम व्हाइटहेडच्या हाती आला आणि त्याने तो बास्केटमध्ये घातला. दोन गुणांनी विजय.

२८ मार्च १९७७ च्या अंतिम सामन्यात समोर डीन स्मिथ यांचा नॉर्थ कॅरोलिनाचा संघ होता. मध्यंतराला मार्क्वेट ३९-२७ असे पुढे होते. कॅरोलिनाने ४५-४५ अशी बरोबरी साधली. मग स्मिथ यांनी आपला प्रसिद्ध ‘फोर कॉर्नर्स’ डाव मांडला. चार खेळाडू चार कोपऱ्यांत उभे करून चेंडू फिरवत ठेवायचा, प्रतिस्पर्ध्याला पुढे ओढायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेतून घुसायचे, असा तो डाव. मॅकग्वायर यांच्या खेळाडूंनी जागा सोडली नाही. कॅरोलिनाची लय तुटली ती तिथेच, आणि मार्क्वेट ६७-५९ ने जिंकले. शेवटची शिट्टी वाजण्याआधीच मॅकग्वायर बाकावर चेहरा झाकून रडत होते. ते दृश्य देशभर दिसले. दूरचित्रवाणीवरचे त्यांचे पुढचे आयुष्य एका अर्थाने त्याच क्षणी सुरू झाले.

पुढच्याच हंगामात एनबीसीने त्यांना घेतले. निवेदक डिक एनबर्ग, विश्लेषक बिली पॅकर आणि मॅकग्वायर असे त्रिकूट जमले. वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे माजी खेळाडू व साहाय्यक प्रशिक्षक असलेले पॅकर डावपेच बारकाईने उलगडत. मॅकग्वायर यांना त्या आकृत्यांत रस नव्हता. कुठला खेळाडू घाबरला आहे, कुठल्या प्रशिक्षकाचा तोल जातो आहे, पंच कुणाच्या आरडाओरड्याने दबले आहेत, हे ते सांगत. दोघांची भर कार्यक्रमात जुंपे आणि एनबर्ग मध्यस्थी करत. तिघांपैकी एकजण जरी वजा केला असता तरी ही मैफल रंगली नसती. दोन तज्ज्ञ प्रेक्षकांसमोर खरोखर वाद घालतात, हे तेव्हा नवीन होते.

त्यांचा शब्दसंग्रह हा स्वतंत्र विषय आहे. धिप्पाड सेंटर म्हणजे ‘एअरक्राफ्ट कॅरिअर’. गरज नसताना केलेली दिखाऊ करामत म्हणजे ‘फ्रेंच पेस्ट्री’. श्वास रोखून धरायला लावणारा सामना ‘व्हाइट नकलर’. विजयाचा, निर्भेळ आनंदाचा दिवस ‘सीशेल्स अँड बलून्स’. खेळातले ओ की ठो न कळणारी व्यक्तीही हे ऐकून टीव्हीसमोर थबके. खेळाडूंची नावे लक्षात ठेवणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. आकडेवारीची तयारी करून येणेही नाही. चोखंदळ प्रेक्षकांना ते खटके, आणि ती तक्रार रास्त होती. पॅकर शेजारी असल्यामुळे ती उणीव भरून निघत असे.

२६ मार्च १९७९ रोजी सॉल्ट लेक सिटीत राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला ७५-६४ असे हरवले. त्या सामन्याचे समालोचन याच त्रिकुटाने केले. त्याचे २४.१ हे प्रेक्षक-मानांकन (टीव्ही असलेल्या घरांपैकी तितक्या टक्के घरांत तो पाहिला गेला) अमेरिकन बास्केटबॉलमध्ये आजही सर्वोच्च आहे. ३० मार्च १९८१ चा अंतिम सामनाही त्यांनीच केला. त्याच दिवशी दुपारी अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला होता, आणि सामना खेळवावा की नाही यावर बराच खल झाला. त्यानंतर स्पर्धेचे हक्क सीबीएसकडे गेले आणि त्रिकूट फुटले. पॅकर सीबीएसला गेले, मॅकग्वायर एनबीसीतच राहिले. १९९२ मध्ये तेही सीबीएसला आले आणि आजारपणामुळे २००० मध्ये थांबले.

त्यांच्यामागून या वाटेने बरेच जण आले. डेट्रॉईट पिस्टन्स या व्यावसायिक संघाने प्रशिक्षकपदावरून काढून टाकल्यावर व्हायटल यांनी डिसेंबर १९७९ मध्ये नव्याकोऱ्या ईएसपीएनसाठी पहिला सामना केला. १९८३ चे विजेते प्रशिक्षक जिम व्हॅल्व्हानो, नोत्र दामचे डिगर फेल्प्स, सीटन हॉलचे बिल राफ्टरी हेही प्रशिक्षकपद सोडून माईककडे वळले. व्हायटल यांचा उत्साह आणि राफ्टरी यांची मिश्कील आरोळी लोकप्रिय ठरली. माणसे वाचण्याची मॅकग्वायर यांची ताकद मात्र त्यांच्यापैकी कुणाकडे तेवढी नव्हती.

१९९२ मध्ये त्यांची निवड नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये झाली. पुढच्याच वर्षी डिकही तिथे दाखल झाले. रक्ताच्या कर्करोगाने विस्कॉन्सिनमध्ये अल यांचे निधन झाले. मार्क्वेटने विजेतेपदाच्या वर्षाची आठवण म्हणून ७७ क्रमांकाची जर्सी त्यांच्या नावे राखून ठेवली आहे, आणि विद्यापीठाच्या क्रीडासंकुलालाही त्यांचे नाव आहे. एनबर्ग यांनी आपल्या या सहकाऱ्यावर एकपात्री नाटक लिहिले. त्याचा पहिला प्रयोग २००५ मध्ये मार्क्वेटमध्येच झाला. मिलवॉकीतल्या बालरुग्णालयासाठी मॅकग्वायर यांनी सुरू केलेली ‘अल्स रन’ ही धावण्याची शर्यत त्यांच्या पश्चातही भरत राहिली.