काढून ठेवलेलं दूध ‘फाटतं’ का?

बाळ सहा-आठ महिन्यांचं आणि आईला कामासाठी आठवडाभर परदेशी जायचं, की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरांतही तेच ऐकू येतं: काढलेलं दूध शिळं, ते फाटतं; आणि आई परतेपर्यंत तिचं दूध आटतं.

फ्रिजमधल्या बाटलीत वर पिवळसर थर आणि खाली पाणचट दूध दिसतं. ते फाटलेलं नाही, साय वेगळी झालेली असते. बाटली हलकेच फिरवली की मिसळते. कधी साबणासारखा वास येतो. तो चरबी विघटित करणाऱ्या लायपेजमुळे. असं दूध चालतं, मात्र काही बाळं तोंड फिरवतात, म्हणून जाण्याआधी एकदा पाजून बघा. आंबट, नासका वास आला तर ओतून द्या.

ताजं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं. बडोद्याच्या मे महिन्यात हा हिशेब विसरा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ४ दिवस, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये ६ महिने. ६० ते १०० मिलीच्या पिशव्या, तारीख घालून, मागच्या बाजूला, दारात नकोत. फ्रिजमध्ये वितळवलेलं २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. आजी सवयीने उकळायला जातील; कोमट पाण्यात बाटली ठेवणं पुरे. उष्टं दूध २ तासांनंतर टाकायचंच.

दूध आटतं ते अंतरामुळे नव्हे, न काढल्यामुळे. दर ३-४ तासांनी पंप करा, विमानातही. विमानतळाच्या क्ष-किरण तपासणीने दूध बिघडत नाही.