डिस्क तपासणीचा अहवाल 'विनइनिट'खाली कसा गेला

चेकडिस्क ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड चालवायची कशी, हे सांगणारे चिक्कार भेटतात. ती संपल्यावर नेमके काय निघाले हे कुठे पाहायचे, तिथे मात्र बहुतेकांची गाडी अडते. सी ड्राइव्हची तपासणी बूट होताना चालते, पडद्यावर टक्के सरकतात, शेवटच्या चार ओळी झर्रकन वर जातात आणि वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होते. अहवाल हरवत नाही. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'ॲप्लिकेशन' लॉगमध्ये, 'विनइनिट' या सोर्सखाली (म्हणजे नोंद करणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाखाली) १००१ क्रमांकाने तो पडून असतो. डिस्कच्या अहवालाला असा पत्ता का मिळाला, यामागे बराच जुना निर्णय आहे.

चेकडिस्क विंडोजच्या आधीच्या डॉस या सिस्टीमच्या १९८१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा अहवाल म्हणजे पडद्यावरचा मजकूर, बाकी काही नाही. पुढच्या डॉसमधली एक गंमत सांगण्यासारखी आहे: दुरुस्तीचा 'एफ' स्विच न देता चालवली तरी ती सुटलेल्या क्लस्टरांच्या (डिस्कवरच्या जागेच्या ठरावीक तुकड्यांच्या) साखळ्या फाइलींमध्ये बदलू का, असे विचारायची आणि 'वाय' दाबले तरी डिस्कवर काहीही लिहायची नाही. सापडणे आणि दुरुस्त होणे या दोन गोष्टी तेव्हापासून वेगळ्या आहेत आणि आजचा अहवाल वाचतानाही गल्लत तिथेच होते.

१९९३ मध्ये डॉस ६.२ बरोबर स्कॅनडिस्क आली आणि विंडोज ९५, ९८ मध्ये तीच घरोघरी रुजली. तिच्या 'ॲडव्हान्स्ड' खिडकीत लॉगसाठी तीन पर्याय होते: जुना पुसून नवा लिहा, जुन्याखाली जोडा, किंवा लिहूच नका. लिहायला सांगितले की ड्राइव्हच्या मुळाशी 'स्कॅनडिस्क.लॉग' नावाची साधी टेक्स्ट फाइल तयार व्हायची. नोटपॅडमध्ये उघडली की झाले. यापेक्षा सोपी व्यवस्था विंडोजमध्ये पुन्हा कधी आली नाही.

विंडोज एनटीचे घराणे वेगळे. तिथे एनटीएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) होती आणि सिस्टीम ड्राइव्ह वापरात असताना त्याची दुरुस्ती करता येत नव्हती. म्हणून 'ऑटोचेक' नावाचा प्रोग्रॅम बूटच्या अगदी सुरुवातीला, पेजफाइल (मेमरीला जोड देणारी फाइल) आणि सेवा (मागे चालणारे प्रोग्रॅम) सुरू होण्याआधी चालवायची पद्धत पडली. ड्राइव्हवर 'डर्टी बिट' (तपासणी हवी असे सांगणारी खूण) लागलेला असेल किंवा आपण तपासणी नोंदवून ठेवली असेल, तर ऑटोचेक कामाला लागतो. त्या क्षणी इव्हेंट लॉगची सेवा जागीच नसते, मग अहवाल देणार कुणाकडे? म्हणून तो आधी त्याच ड्राइव्हवर 'बूटएक्स.लॉग' या फाइलीत लिहिला जातो. पुढे सेवा उभ्या राहिल्या की लॉगिन सांभाळणारा 'विनलॉगऑन' ती फाइल उचलतो, मजकूर 'ॲप्लिकेशन' लॉगमध्ये टाकतो आणि फाइल पुसून टाकतो. विंडोज २००० मध्ये हीच रीत होती. ते सर्व्हरवाल्यांचे आणि ऑफिसातल्या ॲडमिनचे जग होते, त्यामुळे कुणी फार कुरकुर केली नाही.

२००१ मध्ये एक्सपी आली आणि दोन्ही घराणी एक झाली. स्कॅनडिस्क गेली, तिच्याबरोबर लॉगची टेक्स्ट फाइलही गेली. ९८ वरून आलेल्या घरगुती वापरणाऱ्याला 'टूल्स' टॅबवरचे 'चेक नाऊ' बटण मिळाले आणि तपासणी संपल्यावर 'डिस्क चेक कंप्लीट' एवढी एक ओळ. काय सापडले, काय दुरुस्त झाले, एक अक्षर नाही. तपशील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आहे, हे त्या खिडकीत कुठेही लिहिलेले नव्हते.

अहवाल टेक्स्ट फाइलीऐवजी इव्हेंट लॉगमध्ये टाकायच्या या निर्णयावर तेव्हापासून वाद आहे आणि दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. बाजूने बोलणारे म्हणतात, सगळ्या नोंदी एका जागी हव्यात, नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचा लॉग वाचता यायला हवा, शेकडो मशीन सांभाळणाऱ्याने प्रत्येक ड्राइव्हवर टेक्स्ट फाइली शोधत फिरायचे का? मुद्दा खरा आहे. तात्पुरती फाइल वापरणेही अपरिहार्यच होते. पण त्यापुढच्या तीन गोष्टी कुणी बळजबरीने करायला लावल्या नव्हत्या.

पहिली, मजकूर लॉगमध्ये टाकल्यावर मूळ फाइल पुसणे. एक्सपीत 'ॲप्लिकेशन' लॉगची मूळ मर्यादा ५१२ केबी होती आणि भरला की जुन्या नोंदी जायच्या. बडबड्या ॲन्टिव्हायरसच्या शेजारी डिस्कचा अहवाल किती दिवस टिकणार?

दुसरी, सोर्स म्हणून हमालाचे नाव लावणे. अहवाल लिहिला ऑटोचेकने, वाहून आणला विनलॉगऑनने, आणि नोंदीवर नाव विनलॉगऑनचे. डिस्कबद्दल शोधणारा माणूस 'डिस्क' किंवा 'चेकडिस्क' शोधणार. लॉगिनच्या प्रोग्रॅमखाली कशाला पाहील? २००७ मध्ये घराघरांत पोचलेल्या व्हिस्टाने यात भर घातली. सेवांसाठी स्वतंत्र सत्र आले, विनलॉगऑन वापरणाऱ्यांच्या सत्रांपुरता उरला आणि बूटच्या वेळची कामे नव्या 'विनइनिट'कडे गेली. हमाल बदलला म्हणून नोंदीवरचे नावही बदलले. एक्सपीच्या काळातल्या सूचना वाचून विंडोज ७ वर 'विनलॉगऑन' शोधणारे आणि काही न सापडल्यावर तपासणी झालीच नाही असे समजणारे त्यामुळेच निर्माण झाले. शिवाय विंडोज चालू असताना कमांडने केलेल्या तपासणीची नोंद 'चेकडिस्क' याच नावाने होते: फक्त वाचून पाहिले तर २६२१२, दुरुस्तीसह चालवली तर २६२१४. म्हणजे काम एक, पत्ते दोन. आणि १००१ तरी एकट्या डिस्कचा आहे का? त्याच लॉगमध्ये 'विंडोज एरर रिपोर्टिंग' स्वतःच्या नोंदी १००१ ने करते, आणि निळ्या पडद्याची 'बगचेक' नोंद 'सिस्टीम' लॉगमध्ये पुन्हा १००१ च. नुसत्या क्रमांकाने गाळले तर कोसळलेल्या प्रोग्रॅमांचा ढीग हाती येतो. सोर्स आणि क्रमांक दोन्ही लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत खटकणारी. चेकडिस्कने ड्राइव्हची मोठी मोडतोड सावरली असली तरी विनइनिटची नोंद 'इन्फर्मेशन' पातळीचीच असते. लाल खुणा तेवढ्या पाहायची सवय असलेल्याच्या नजरेतून ती सुटते. लाल खूण असते ती 'सिस्टीम' लॉगमध्ये: 'एनटीएफएस'ची ५५ म्हणजे फाइल सिस्टीमची रचना बिघडली, 'डिस्क'ची ७ म्हणजे खराब ब्लॉक लागला. दुखणे एका लॉगमध्ये, उपचाराचा कागद दुसऱ्यात.

नोंद सापडली तरी वाचणे सोपे नाही. मजकूर टप्प्यांनी जातो: फाइली, इंडेक्स, सिक्युरिटी डिस्क्रिप्टर (फाइलींच्या परवानग्यांच्या नोंदी) हे तीन टप्पे नेहमीचे, आणि 'आर' स्विच दिला असेल तर पुढे फाइलींमधला डेटा व मोकळी जागा असे आणखी दोन. मध्येच 'फाइल ०एक्स९ च्या एसआयआय इंडेक्समधल्या न वापरलेल्या नोंदी साफ करत आहे' अशा अर्थाच्या ओळी येतात आणि लोकांची पाचावर धारण बसते. ही ९ क्रमांकाची फाइल म्हणजे सिक्युरिटी डिस्क्रिप्टरांचे कोठार. त्यातला न वापरलेला पसारा निरोगी ड्राइव्हवरही निघतो. मजकुराच्या शेवटी 'इंटर्नल इन्फो'खाली हेक्साडेसिमल आकड्यांच्या रांगा असतात, त्या आपल्यासाठी नाहीतच. पाहायचे ते निकालाचे वाक्य: तपासले आणि काही सापडले नाही, की तपासले आणि दुरुस्त्या केल्या. एक्सपीपर्यंत चालू ड्राइव्ह नुसता वाचून तपासला तर फाइली हलत असल्यामुळे खोट्या चुकाही दिसायच्या. पुढच्या आवृत्त्यांत ही तपासणी स्नॅपशॉटवर, म्हणजे ड्राइव्हच्या एका क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीवर, होऊ लागली.

२०१२ च्या विंडोज ८ ने तपासणीची पद्धतच बदलली. आधी वेळ फाइलींच्या संख्येवर अवलंबून असायचा, मोठ्या ड्राइव्हला तासन् तास लागायचे. आता विंडोज चालू असतानाच स्कॅन होतो, सापडलेले दोष नोंदवून ठेवले जातात आणि ड्राइव्ह थोडा वेळ बाजूला घेऊन तेवढेच दुरुस्त केले जातात. अशा स्कॅनची नोंद चेकडिस्कच्या सोर्सखाली २६२२६ ने होते. खिडकीतल्या 'शो डीटेल्स'वर टिचकी मारली की आता थेट इव्हेंट व्ह्यूअर उघडतो; म्हणजे पत्ता तोच ठेवला, निदान वाट दाखवायला लागले. टेक्स्ट लॉगही परत आला, पण 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' फोल्डरमध्ये, जिथे ॲडमिनलाही परवानग्या बदलल्याशिवाय शिरता येत नाही. ही कसली सोय म्हणायची?

रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टवरून चेकडिस्क चालवली तर शेवटी इव्हेंट लॉगमध्ये नोंद पाठवता आली नाही, स्टेटस ५०, असा संदेश येतो. डिस्क गेली असे समजून अनेक जण तिथेच हात टेकतात. वास्तविक त्या वातावरणात नोंद घ्यायला इव्हेंट लॉगच नसतो. तपासणी नीट झालेली असते. फक्त तो अहवाल नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मिळणार नाही, तेव्हा पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

राहता राहिली 'केबी इन बॅड सेक्टर्स' ही ओळ. तिथे ४ दिसले तर चार हजार बाइटांची जागा खराब झाली असे नव्हे. क्लस्टर ४ केबीचा असेल तर त्यातला ५१२ बाइटांचा एकच सेक्टर बिघडला तरी सबंध क्लस्टर बाद होतो. ही यादी एनटीएफएस स्वतःच्या एका फाइलीत ठेवते आणि जुनी डिस्क नव्या डिस्कवर क्लोन केली की यादीही तशीच येते. मग कोरी डिस्क खराब असल्याचा अहवाल येतो. 'बी' स्विच त्यासाठीच आहे, बाद ठरवलेले क्लस्टर तो पुन्हा तपासतो. उलट बाजूने पाहिले तर ० दिसले म्हणूनही निर्धास्त होता येत नाही. ड्राइव्ह बिघडलेले सेक्टर आतल्या आत राखीव सेक्टरांनी बदलतो आणि ते चेकडिस्कपर्यंत पोचतच नाही. तो हिशेब ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीचे ठेवतो त्या 'स्मार्ट' आकड्यांत, बदललेल्या सेक्टरांच्या रकान्यात पाहावा लागतो, आणि ते आकडे विनइनिटच्या नोंदीत येत नाहीत.