'ट्रेस': क्षयाच्या जलद चाचणीतला अडचणीचा निकाल

संसर्गजन्य रोगांच्या जलद मॉलिक्युलर चाचण्यांची गोष्ट सहसा घड्याळाच्या हिशेबात सांगितली जाते. क्षयाच्या कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, सहा-आठ आठवडे, कार्ट्रिजला, म्हणजे यंत्रात घालायच्या बंद डबीतल्या चाचणीला, दोन तास. हिशेब बरोबर आहे. पण वेळ वाचल्यावर जो प्रश्न समोर आला, तो वेळेपेक्षा कठीण निघाला: जंतूचा डीएनए सापडला एवढ्यावरून माणूस आज आजारी आहे असं म्हणायचं का? क्षयाच्या चाचणीत या प्रश्नाला 2017 मध्ये नाव मिळालं, 'ट्रेस'. त्यामागचा वाद समजायला थोडं मागे जावं लागतं.

डीएनएच्या तुकड्याच्या प्रती फेऱ्याफेऱ्यांनी वाढवणाऱ्या पीसीआर तंत्राची कल्पना 1983 ची. पहिला वापर 1985 मध्ये छापून आला, आणि 1988 पर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जीवाणूचं, उष्णता सोसणारं एन्झाइम वापरात आल्यावर प्रत्येक फेरीत नवं एन्झाइम घालण्याची कटकट संपली. क्षयाच्या प्रयोगशाळांना मात्र या तंत्रानं सुरुवातीला पोळवलं. 1994 मध्ये सात प्रयोगशाळांना कोणत्या नळीत जंतू आहेत हे न सांगता सारखेच नमुने पाठवले गेले. जंतूच नसलेल्या नमुन्यांत चुकीचे पॉझिटिव्ह 3 ते 20 टक्के निघाले, एका प्रयोगशाळेत तर 77 टक्के. कारण साधं होतं. आधीच्या चाचणीत वाढवलेल्या डीएनएच्या कोट्यवधी प्रती टेबलावर, पिपेटवर, हवेत राहत आणि पुढच्या नळीत शिरत. क्षयाच्या पीसीआरकडे संशयानं पाहण्याची सवय तिथून लागली, आणि पुढच्या वादातही ती डोकावत राहिली असं मला वाटतं.

उपाय होता नळी एकदा बंद केली की पुन्हा न उघडण्याचा. अमेरिकेत 2001 मध्ये टपालातून अँथ्रॅक्सची पाकिटं गेल्यावर पत्रांची वर्गवारी करण्याच्या केंद्रांत हवा तपासायला बंद कार्ट्रिजचं तंत्र बसवलं गेलं. तेच तंत्र 2010 मध्ये क्षयाकडे आलं. थुंकीचा नमुना रसायनात मिसळून कार्ट्रिजमध्ये ओतायचा, पुढचं सगळं यंत्र करतं. रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा क्षय ओळखण्यासाठी जंतूच्या आरपीओबी जनुकातला 81 बेसजोड्यांचा तुकडा तपासला जातो, म्हणजे रोग आणि औषधाला होणारा विरोध दोन्ही एकाच फेरीत कळतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये सुमारे 10,000 लागतात, इथे सुमारे 130 पुरत होते.

तरी एक भोक उरलं. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू न दिसलेल्या पण कल्चरमध्ये वाढलेल्या रुग्णांपैकी एकदाच चाचणी केल्यावर 72.5 टक्केच सापडले. त्यातच 2014 मध्ये चार आफ्रिकी देशांतल्या एका चाचणी-अभ्यासात दिसलं की कार्ट्रिजमुळे उपचार लवकर सुरू होतात, पण काही महिन्यांनी रुग्णांच्या आजारपणात फरक दिसत नाही. डॉक्टर लक्षणं आणि एक्स-रे पाहून आधीच औषधं सुरू करत होते, हे त्याचं मोठं कारण. यावरून चाचणीच फारशी उपयोगी नाही असा सूर निघाला, तो मला अन्यायाचा वाटतो. नेहमीच्या औषधाला दाद न देणारा क्षय अंदाजानं ओळखता येत नाही, आणि चुकीच्या औषधांवर गेलेले महिने त्या रुग्णाला परत मिळत नाहीत.

2017 ची नवी आवृत्ती हे भोक बुजवायला आली. तिनं आरपीओबीबरोबर आणखी दोन ठिकाणं शोधायला घेतली, आयएस6110 आणि आयएस1081. आरपीओबी एका जीवाणूत एकदाच असतं. या दोन तुकड्यांच्या बहुतेक जीवाणूंत अनेक प्रती असतात, म्हणून फार थोडे जंतूही सापडतात, मिलिलिटरमागे सुमारे 16. आता असे नमुने येऊ लागले की अनेक प्रतींचे तुकडे सापडले पण आरपीओबी सापडलं नाही. या निकालाला 'ट्रेस' म्हटलं गेलं. रिफॅम्पिसिनबद्दल तो काहीच सांगू शकत नाही, कारण ते ज्या जनुकावरून कळतं तेच हाती लागलेलं नसतं.

आठ देशांतल्या तुलनेत कल्चर पॉझिटिव्ह रुग्णांपैकी नवी चाचणी 88 टक्के पकडत होती, जुनी 83. सूक्ष्मदर्शकाला न दिसलेल्यांत हेच आकडे 63 आणि 46 होते. उलट बाजूला, क्षय नसलेल्यांना बरोबर निगेटिव्ह सांगण्याचं प्रमाण 98 वरून 96 टक्क्यांवर आलं. घट मुख्यतः पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांत होती. उपचार पूर्ण झाल्यावरही मेलेल्या जंतूंचा डीएनए फुफ्फुसात बराच काळ राहतो, आणि चाचणीला मेलेला व जिवंत यांतला फरक कळत नाही.

मग ट्रेसचं करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या सूचनांनी माणसं वाटून घेतली. एचआयव्ही असलेले, लहान मुलं आणि फुफ्फुसाबाहेरचा क्षय यांच्यात ट्रेस म्हणजे पॉझिटिव्ह. बाकीच्या प्रौढांत नवा नमुना घेऊन पुन्हा चाचणी. पहिला निकाल पक्का करून घेणं शहाणपणाचं वाटतं खरं, पण इथे गणित आडवं येतं. जंतू इतके विरळ असताना दुसऱ्या नमुन्यात ते न येणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. दुसरा निगेटिव्ह पहिल्याला खोडत नाही, पण कागदावर मात्र तो खोडल्यासारखाच दिसतो आणि खोकणारा माणूस घरी जातो. 2020 च्या सूचनांनी सूर बदलला: लक्षणं असलेल्या प्रौढांत ट्रेस आल्यावर तीच चाचणी पुन्हा करू नये, आणि पूर्वी क्षय झालेल्यांबाबत एकूण स्थिती पाहून ठरवावं. ही शिफारस सशर्त होती, पुराव्याची खात्रीही अत्यंत कमी मानली गेली होती. तरी हा बदल योग्य दिशेचा होता असं माझं ठाम मत आहे. चुकून सुरू झालेल्या सहा महिन्यांच्या औषधांचा त्रास खरा आहे, यकृताला इजाही होऊ शकते. पण सुटलेला क्षय त्या माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही गाठतो.

कोविडच्या काळात 'सीटी व्हॅल्यू', म्हणजे नमुन्यात विषाणू किती हे सुचवणारा पीसीआरच्या फेऱ्यांचा आकडा, घरोघरी पोचली तेव्हा हाच प्रश्न लोकांनी स्वतः अनुभवला. ताप जाऊन आठवडे उलटले तरी स्वॅब पॉझिटिव्हच. त्याआधी अतिसाराच्या सी. डिफिसिल जंतूबाबतही मॉलिक्युलर चाचणी आल्यावर रुग्णसंख्या फुगली होती, कारण जंतू आतड्यात नुसता वस्तीला असला तरी चाचणी हो म्हणते. दरम्यान यंत्रं लहान होत गेली. 2000 मध्ये 60 ते 65 अंशांच्या एकाच तापमानावर डीएनए वाढवणारी लॅम्प पद्धत प्रसिद्ध झाली, 2015 मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेबाहेर वापरता येणारी फ्लूची पहिली मॉलिक्युलर चाचणी मंजूर झाली, 2020 च्या अखेरीस घरी करायची कोविडची चाचणीही आली.

क्षयात आता लक्षणं नसलेल्यांची वस्त्यांमधून तपासणी होते आहे. तिथे सापडणाऱ्या पॉझिटिव्हांत ट्रेसचा वाटा मोठा असतो, आणि 2020 ची सूचना लक्षणं असलेल्यांपुरतीच होती. ज्यांना खाकरून थुंकी काढता येत नाही त्यांच्यासाठी जिभेवरून स्वॅब घेण्याची पद्धत पुढे येते आहे. जिभेवर जंतू थुंकीपेक्षा कमी असतात. त्यामुळे आरपीओबी हाती न लागलेले निकाल तिथे आणखी येतील, आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला औषधं द्यायची की थांबायचं हे पुन्हा ठरवावं लागेल.