पहिल्या नंबरचा पिच्चर: मराठवाड्यातल्या एका वादाची पार्श्वभूमी

सर्वांत भारी दहा विज्ञानपट कोणते, हा विषय निघाला की लातूरला शिकवणीसाठी रूम करून राहणाऱ्या पोरांचं उत्तर बहुतेक वेळा तयार असतं: 'इंटरस्टेलर'. त्यांचे काका-मामा 'टर्मिनेटर'चा दुसरा भाग खाली येऊ देत नाहीत. आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूर-धर्माबादकडचं कोणी त्या बैठकीत असलं, तर ते तेलुगूतला 'आदित्य ३६९' पुढे करतं. बाकीच्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. वरवर हा वाद दर्जाचा दिसतो. मला विचाराल तर कोणता पिच्चर आपल्याकडे कधी, कोणत्या भाषेत आणि कुठल्या पडद्यावर आला, यावरच तो उभा आहे.

याद्यांचा नाद काही आपलाच नाही. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ साली विज्ञानपटांची दहाची यादी काढली, तिच्यात पहिला आला दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकचा १९६८चा '२००१: अ स्पेस ओडिसी'. 'मॅट्रिक्स'ला त्या दहांत जागाच नव्हती. त्याआधी २००४ मध्ये लंडनच्या 'गार्डियन'ने शास्त्रज्ञांना विचारलं, तर त्यांनी 'ब्लेड रनर' निवडला. हा तोच चित्रपट, जो १९८२ मध्ये गल्ल्यावर आपटला होता. पण मराठवाड्यात या दोघांना मत पडणं अवघड. '२००१'मध्ये पहिली पंचवीसेक मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. तालुक्याच्या टॉकीजमध्ये तेवढ्या वेळात खुर्च्या वाजायला लागल्या असत्या.

मुळात तो तालुक्याला पोचणारच कसा? १७ सप्टेंबर १९४८ला आपण निझामाच्या राज्यातून सुटलो, पण सिनेमाच्या धंद्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. वितरकांच्या नकाशात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे पुढेही 'निझाम' याच नावाच्या पट्ट्यात राहिले. मुंबई राजधानी झाली, पिच्चरचा व्यवहार मात्र हैदराबादकडे बघून. म्हणून तर सीमेवरच्या गावांना तेलुगू सिनेमा परका नाही. 'आदित्य ३६९' १९९१चा. नंदमुरी बालकृष्ण त्यात कालयंत्रात बसून कृष्णदेवरायाच्या दरबारात जातो आणि तिथून थेट पुढच्या शतकांत. हिंदीत तेव्हा या तोडीचं काही नव्हतं. 'मिस्टर इंडिया' होता, पण अदृश्य होण्याच्या घड्याळाला विज्ञान म्हणायचं की जादू, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

इंग्रजी पिच्चर आमच्यापर्यंत आला तो आधी भाड्याच्या व्हीसीआरवरून. गणपतीत वर्गणी काढायची, रंगीत टीव्ही आणायचा आणि रात्रभर तीन पिच्चर बघायचे. भाषा कुणाला कळायची नाही, म्हणून मारामारीचा असेल तोच आणला जायचा. 'टर्मिनेटर'चं आमच्या पिढीवरचं राज्य इथून सुरू होतं. गोळी लागून फुटलेला आणि पुन्हा सांधला जाणारा तो पाऱ्यासारखा माणूस समजायला इंग्रजी लागत नाही. आमच्या गल्लीत तो लागला तेव्हा कारखान्यातल्या शेवटच्या मारामारीच्या आधीच लाईट गेली. शेवट पाहायला मिळेपर्यंत कॉलेज संपलं होतं. मधल्या काळात ज्याने त्याने आपापला शेवट सांगितला, आणि त्यातले दोन मूळ शेवटापेक्षा सरस होते.

मग १९९४ मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला. परदेशी पिच्चर हिंदी बोलून गल्ला जमवू शकतो, हे त्याने दाखवलं. त्याच सुमाराला केबल घरोघरी शिरत होती, आणि पुढे हिंदी बोलणारे यंत्रमानव, परग्रहवासी दुपारच्या जेवणाला सोबत करू लागले. याद्या खऱ्या अर्थाने लांबल्या त्या तेव्हापासून.

'इंटरस्टेलर'ची गोष्ट मात्र निराळी. तो नोव्हेंबर २०१४चा. त्यात धुळीची वादळं आहेत, आणि भेंडीवर रोग पडला म्हणून शेजारचा शेतकरी उभं पीक जाळून टाकतो. नायक इंजिनिअर, पण करतो शेती. हे अमेरिकेत कल्पित असेल. आमच्याकडे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. पुढच्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि लोकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला. जी पोरं आज त्या पिच्चरला डोक्यावर घेतात, ती तेव्हा शाळेत होती. त्यातल्या कितीतरी जणांचे बाप शेती करतात आणि पोराला इंजिनिअर करायला लातूरला धाडतात. समीक्षक त्यात कृष्णविवर बघतात, म्हणजे प्रकाशालाही निसटू न देणारा तो अवकाशातला खड्डा. आमची पोरं आधी ते शेत बघतात, असा माझा संशय आहे.

कृष्णविवर मराठीला तसं नवं नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली होती. लेखक 'नारायण विनायक जगताप', म्हणजे आद्याक्षरं उलटी करून बसलेले जयंत विष्णू नारळीकर. पण पुस्तकातलं कृष्णविवर वेगळं आणि पडद्यावरचं वेगळं. 'इंटरस्टेलर'मधलं कृष्णविवर कसं दिसावं याची गणितं किप थॉर्न यांनी करून दिली. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाच्या पोतात उठणारे बारीक तरंग, पकडणाऱ्या 'लायगो' या प्रयोगाच्या संस्थापकांपैकी ते एक. २०१७चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्याच कामासाठी विभागून मिळालं.

आणि त्या 'लायगो'चं भारतातलं केंद्र होतंय हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरचे दोन हात, आणि लहर आली की त्यांच्या लांबीत अणूच्या गाभ्याहूनही बारीक फरक पडला तरी तो टिपायचा. म्हणून जागा अशी हवी, जिथे जमीन कमीत कमी हलते.

हे मी एकदा 'टर्मिनेटर'वाल्या मामांना सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीकाय, पण त्यात मारामारी कुठंय?"