कागदावर डाग नाही म्हणजे सुगंधी तेल (इसेन्शियल ऑइल) शुद्ध?
फॉरवर्ड जुनाच आहे: कागदावर थेंब टाका, डाग उरला नाही तर तेल शुद्ध, बिनधास्त एक्सपोर्ट करा. टेस्ट अगदीच खोटी नाही, एरंडेल मिसळलं असेल तर तेलकट डाग राहतोच, पण गवती चहाच्या तेलात कोणी सिंथेटिक सिट्रल (त्या तेलाच्या मुख्य सुगंधी घटकाची कृत्रिम आवृत्ती) किंवा स्पिरिट घातलं तर तेही उडून जातं आणि कागद कोराच. उलट खस, चंदन अस्सल असलं तरी जड, त्यामुळे डाग बराच वेळ दिसतो, बिचारं उगाच बदनाम! म्हणून बाहेरचा खरेदीदार बॅचचा जीसी रिपोर्ट (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं प्रमाण दाखवणारी लॅब टेस्ट) मागतो. मुंबईच्या मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात घेताना तुम्हीही मागा, गवती चहाच्या तेलात सिट्रल साधारण 70-80 टक्के हवं, सोबत जिरॅनिऑलसारखे छोटे घटकही दिसायला हवेत, आणि बाटलीवरचा बॅच नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या.